चाळीस नंबरचा टेपर

मिलिंग मशीन घ्यायला आलेला माणूस सगळ्यात आधी रंग बघतो. मग दार सरकवून बघतो, पडद्यावरची दोन-चार बटणं दाबतो आणि जाणकाराच्या आवाजात विचारतो, "स्पीड किती?" चाळीस वर्षं मी सोलापुरात ही मशिनं विकली, बसवली, दुरुस्त केली. एवढ्या काळात आल्याबरोबर खाली वाकून स्पिंडलच्या तोंडात डोकावणारी गिऱ्हाइकं मला चारच भेटली. त्यातली एक सांगोल्याकडची रेणुका. ही हकिकत बरीचशी तिची आहे आणि थोडी माझ्या फजितीची.

संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी म्हटलं, "टेपरवर लिहितो." ते म्हणाले, "वाचकांना कळेल असं लिहा." तेव्हा आधी कळेल असं सांगून घेतो, म्हणजे पुढं मला मोकळेपणानं बोलता येईल.

लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर असतं. मिलिंगचं उलटं आहे. जॉब टेबलावर घट्ट बांधलेला आणि कटर गरगर फिरणारा. त्या कटरला फिरवणारा जो जाडजूड पोलादी दंड मशीनच्या डोक्यात असतो तो स्पिंडल. त्याचं खालचं तोंड आतून निमुळतं होत जातं, नरसाळं उलटं धरल्यासारखं. या उताराला टेपर म्हणतात. कटर थेट या तोंडात बसत नाही. तो आधी एका होल्डरमध्ये पकडायचा. होल्डरची शेपटी तोंडाच्याच उतारानं घासलेली असते, ती आत जाऊन बसते.

तुमच्या घरी स्टीलचे दोन पेले कधी एकात एक अडकून बसले असतील, तर टेपरची एक जात तुम्ही पाहिलेलीच आहे. उतार कमी असला की वस्तू आपोआप आवळून बसते आणि काढायला ठोकावी लागते. ड्रिलिंग मशीनचा टेपर तसा असतो. मिलिंगच्या टेपरला उतार जास्त, चोवीस मिलिमीटर लांबीत व्यास सात मिलिमीटरनं कमी होतो. चहाच्या कपात कप ठेवला तर उचलला की निघतो, तसं याचं आहे. हत्यार झटकन बदलता येतं, पण मग ते वरून कुणीतरी ओढून धरावं लागतं. जुन्या मशिनांत वरून लांब बोल्ट पिळायचो. आताच्या मशिनांत स्प्रिंगांची एक चळत होल्डरची शेंडी पकडून जवळजवळ टनभर जोरानं त्याला वर खेचून धरते.

टेपरला नंबर असतात. तीस, चाळीस, पन्नास. तीसचं तोंड लहान, स्पिंडल हलका आणि चपळ, ॲल्युमिनियमसारख्या मऊ कामाला झकास. पन्नासचं तोंड एवढं मोठं की त्यात मूठ जाईल, ते अवजड कामाचं. चाळीस मधलं. नंबर कुठलाही असो, सगळा खेळ त्या दोन उतारांनी एकमेकांना सगळीकडून टेकण्याचा आहे. मध्ये काही आलं की होल्डर तिरका बसतो आणि कटरचं टोक भोवऱ्यासारखं डुलायला लागतं. डोक्यावरचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. आमची भांडणं पाच मायक्रॉनवर चालतात.

मला हे शिकवलं रशीद उस्तादांनी. मी कामाला लागलो त्या कारखान्यातले ते सगळ्यात जुने मिलिंगवाले. पहिले सहा महिने त्यांनी मला कटरला हात लावू दिला नाही, नुसते टेपर पुसायला लावले. एकदा घाईत मी न पुसता होल्डर चढवला, तर मशीन बंद करून ते माझ्याकडे बघत उभे राहिले. "टेपर पोंछे बगैर टूल नक्को चढा रे. कित्ते बार बोलूं तुझे?" आवाज चढवला नाही, पण ते वाक्य जन्मभर कानात राहिलं. पुढं मी स्वतः शिकवायला लागल्यावर तेच वाक्य मराठीत किती जणांना ऐकवलं असेल त्याचा हिशेब नाही.

पुसायला फडकं कसलं, याबद्दलही उस्तादांचं मत ठाम होतं. धागे सुटणार नाहीत असं मऊ मलमल. ते मी नवी पेठेतल्या एका दुकानातून आणायचो. तान्ह्या बाळाच्या झबल्यांसाठी बायका नेतात ते कापड. दर दोन-तीन महिन्यांनी मी दीड मीटर फाडून न्यायला लागलो तेव्हा दुकानदारानं दोन वर्षं काही विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी मात्र त्याला राहवलं नाही. "मालक, घरात एवढी बाळंतपणं?" मी म्हटलं, "सगळी लोखंडाची आहेत." त्यानं दीड मीटर मोजून फाडलं.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर नातेपुत्याचे एक गृहस्थ आठवतात. शेतीच्या अवजारांचं दुकान होतं, मागं शेड टाकून वर्कशॉप काढायचं मनात आलं. भंगारात कुठंतरी चाळीस नग होल्डर एकदम मिळाले, तेल लावलेले, चकचकीत. ते त्यांनी पोत्यात भरून आणले आणि नंतर त्यांच्यासाठी मशीन शोधायला निघाले. मशीन घेतलं ते निराळ्याच टेपरचं. एकही होल्डर त्यात बसेना. मी गेलो तेव्हा ते कानशीनं होल्डरची शेपटी घासत बसले होते. म्हणाले, "मामा, जरासंच कमी करायचं हाय. तुमी हो म्हणा, बाकीचं मी बगतो." मी हो म्हटलं नाही. त्यातले दोन होल्डर पुढं त्यांनी दाराला टेकण म्हणून लावले, बाकीचे अजून पोत्यात असतील.

पण हसण्यासारखं सगळंच नव्हतं. आमच्या अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत अंबादास अण्णा होते. घरी तेलुगू बोलणारे, तीन पिढ्या मागावर काढलेल्या. अण्णांनी माग सोडून मागाचे सुटे भाग बनवायला घेतले होते. सगळं काम बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. मी तेव्हा नव्यानं विक्रीला लागलो होतो. आमच्या मालकाकडे तीस नंबरच्या टेपरचं एक मशीन पडून होतं, ते खपवायचं होतं. बीड कापायला, तेही खोल खाच घ्यायला, ते तोंड अपुरं पडणार हे मला कळत होतं. तरी मी अण्णांना त्याचा स्पीड सांगत राहिलो. मशीन गेलं. महिनाभरात कटर थरथरायला लागला, जॉबवर लहरी उठायला लागल्या, मागवाले माल परत करायला लागले. अण्णा एकदाही रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मास्तर, मशीन तुमचं चांगलं आहे, पण आमच्या बिडाला ते ऐकत नाही." वर्षभरानं त्यांनी ते विकलं आणि काम बाहेर द्यायला लागले. ते मला पुढं कधीही भेटले तरी आधी चहा सांगायचे. मला तो चहा जड जायचा, आजही त्याची आठवण आली की जड वाटतं.

म्हणून रेणुका जेव्हा आली तेव्हा मी मनात ठरवलं होतं, हिला खरं तेच सांगायचं.

ती आली मागच्या वर्षी, उन्हाळा संपता संपता. मी निवृत्त झालेलो, पण घराच्या पुढच्या खोलीत डायल, मँड्रेल आणि एक टेबल मांडून लोकांना सल्ला देत बसतो. रेणुका धनगराच्या घरातली. आयटीआय करून पुण्याकडच्या कारखान्यात तिनं सात वर्षं मिलिंग सेंटर चालवलेलं. वडील वारले, आई एकटी पडली, म्हणून परत आली. सांगोला तालुक्यात डाळिंबाच्या बागा गावोगाव आहेत, आणि बाग म्हटली की फवारणीचा पंप आला. सोलापुरातला एक कारखाना हे पंप बनवतो. पंपाचा व्हॉल्व्ह बसतो ती खोल भोकाची स्टेनलेसची बॉडी त्यांना बाहेरून करून हवी होती. वीस ओतीव तुकडे देणार, त्यातले बारा नमुने मापात उतरले तर कायमचं काम, नाही उतरले तर रामराम. आईनं निम्मी मेंढरं विकली आणि सांगितलं, मशीन बघ.

तिच्या डोक्यात दोन मशिनं होती. एक कोरं करकरीत, तीस नंबरचं, पांढरंशुभ्र. दुसरं बारा वर्षं वापरलेलं, चाळीस नंबरचं, कोपऱ्यावरचा रंग उडालेला. मी तिला घेऊन दोन्ही बघायला गेलो. ती दोन्हीकडे आधी खाली वाकली आणि मोबाइलचा दिवा लावून तोंडात डोकावली. माझी तिथंच निम्मी खात्री पटली.

"नवं घ्यावं का मामा? जुन्याला लोक हसत्यात."

"बॉडीतलं भोक किती खोल आहे?"

"एकशे दहा मिलिमीटर."

"आणि धातू?"

"स्टेनलेस."

"मग भोकात घालायचा एवढा लांब बोरिंग बार तीसच्या तोंडात धरून स्टेनलेस कापशील, तर आवाज सांगोल्याच्या बाजारापर्यंत जाईल. हत्यार जेवढं बाहेर लोंबतं तेवढं थरथरतं. त्याला मागून धरणारा हात मोठा पाहिजे. शिवाय सोलापुरात दहातल्या सात जणांकडे चाळीसचे होल्डर आहेत. एखादा अडला तर मागून आणता येईल."

तिनं जुनं घेतलं. गावात लोक खरंच हसले. तिच्या चुलत्यांनी तर सांगितलं, म्हाताऱ्यानं तुझ्या गळ्यात म्हातारी म्हैस बांधली. मी जाऊन मशीन बसवलं, मँड्रेल चढवून त्याला मायक्रॉन मोजणारी डायल लावली. मँड्रेल म्हणजे अचूक घासलेली पोलादी दांडी, स्पिंडल सरळ फिरतो की नाही ते तिच्यावर बघतात. दीडशे मिलिमीटर खाली टोक डुलत होतं फक्त आठ मायक्रॉन. बारा वर्षांच्या मशिनाला याहून चांगलं प्रमाणपत्र नाही. तिनं भंगाराच्या तुकड्यांत तीन भोकं मारून बघितली, तिन्ही मापात. आक्का, म्हणजे तिची आई, शेडच्या दाराशी उभी राहून सगळं बघत होती. तिनं मला खंडेनवमीला पूजेला यायचं आग्रहानं सांगितलं.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची आणि मशिनांची पूजा असते. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही. धुऊन पुसून हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची माळ, नारळ. मी गेलो. वयानं मोठा म्हणून तबक माझ्याच हातात दिलं. मी मनापासून पूजा केली. डोळ्यांत पाणी आलं होतं, हे कबूल करतो. मला अंबादास अण्णांची आठवण झाली होती आणि वाटलं होतं की या खेपेला आपण बरोबर केलं.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी रेणुकाचा फोन आला.

"मामा, माप धरंना झालंय."

"किती जातंय?"

"तेच तर कळंना. कधी तीन शतांश मोठं, कधी पाच. सणाच्या आदी चांगलं हुतं. टूल काडून पुन्ना घातलं की येगळंच येतंय. सहा तुकडे वाया गेलं. शुक्रवारी त्यांचा सायब येणार हाय."

"बेअरिंग असेल. हात लावू नकोस, येतो."

शतांश म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, दहा मायक्रॉन. तिनं फोनवर दोन गोष्टी सांगितल्या होत्या. सणाआधी चांगलं होतं आणि टूल काढून घातलं की वेगळं येतं. मी दोन्ही ऐकल्या आणि दोन्ही सोडून दिल्या. बेअरिंग खराब असतं तर ते दरवेळी सारखंच खराब बोललं असतं. हे मी पन्नास जणांना शिकवलंय. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच भुंगा होता, जुनं मशीन घ्यायला मी सांगितलं आणि ते मला तोंडघशी पाडतंय. चुलत्यांची म्हैस मला रस्ताभर दिसत होती.

बुधवारी सकाळच्या एसटीनं गेलो. मँड्रेल चढवलं, डायल लावली. टोकाला चाळीस मायक्रॉन. काढून परत चढवलं, पंचवीस. पुन्हा, पंचावन्न. वाचणाऱ्यालासुद्धा आता कळलं असेल की घोळ बसण्यात आहे. मला कळलं नाही. मी मँड्रेल पुसलं होतं, तोंडाच्या कडेवरून मलमल फिरवली होती. आत खोल बोट घालून बघितलं नाही. हे तोंड मी स्वतः तपासलेलं, त्यात काय असणार, असं मनात होतं.

मग मी डोक्याचं झाकण काढलं. स्प्रिंगांची चळत तपासली. स्क्रूड्रायव्हरचं टोक स्पिंडलच्या अंगाला लावून मूठ कानाशी धरली आणि बेअरिंगचा आवाज ऐकला. मला हवा तसा तो खराब ऐकूही येऊ लागला. दुपारपर्यंत शेडमध्ये पोत्यावर मशीनचे निम्मे अवयव मांडून झाले होते. रेणुका मला पाने देत होती. शेवटी मी म्हटलं, "स्पिंडल उतरवून पुण्याला पाठवावा लागेल. पंधरा दिवस जातील."

तिनं हातातला पाना खाली ठेवला. "पंदरा दिवसांनी काय करायचंय मामा त्येचं. शुक्रवारी न्हाय जमलं तर मी पुन्ना कारखान्यात जाते. तिथली जागा अजून भरलेली न्हाय. आईला तेवडं सांगाय लागंल."

आई मागंच उभी होती, भाकरी घेऊन आलेली. तिनं पोत्यावरचा पसारा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि लेकीला म्हणाली, "मेंढरू लंगडाय लागलं तर आदी खूर उचलून बगत्यात, काटा हाय का न्हाय. ह्यांनी तर पोट फाडाय घेतलंय."

मला राग आला. मशीन आणि मेंढरू यांतला फरक समजावून सांगायला मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. कारण खूर मी बघितलाच नव्हता.

मी रेणुकाला निळा रंग मागितला. मार्किंगचा निळा रंग मँड्रेलच्या शेपटीला पातळ लावायचा, ते हातानं तोंडात बसवून किंचित फिरवायचं आणि काढायचं. जिथं टेकतं तिथला रंग पुसला जातो. सगळीकडे सारखा पुसला तर तोंड आणि शेपटी एकमेकांना नीट धरतायत. मी मँड्रेल काढलं. सगळीकडे निळा जसाच्या तसा होता. एकाच बाजूला बोटाच्या पेराएवढी जागा पुसली होती, आणि तिथं निळ्यात तांबूस-पिवळा डाग लागला होता.

मी दिवा लावून तोंडात डोकावलो. कडेपासून पेरभर आत, तांदळाचा एक दाणा चिरडून भाकरीच्या पिठासारखा पसरला होता, आणि त्याच्याभोवती वाळून, दाबून, तेलात मुरून गुळगुळीत झालेली हळद-कुंकवाची खपली होती. माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेच्या पेराएवढी.

सगळं आठवलं. आयुष्यभर मी मशिनांची पूजा केली ती जुन्या पद्धतीच्या, हातानं बोल्ट पिळायच्या मशिनांची. त्यांच्या तोंडात कायम होल्डर चढवलेला असायचा. स्पिंडलला कुंकू लावायचं म्हणून बोट पुढं केलं की ते होल्डरला लागायचं, होल्डर बाहेरून रंगायचा, कुणाचं काही बिघडायचं नाही. या मशीनचे होल्डर बाजूच्या फिरत्या चक्रात राहतात. काम नसताना तोंड उघडं. डोळे भरून आलेले असताना मी वर न बघता सवयीनं खालून बोट घातलं होतं, आणि वर अक्षताही चिकटवल्या होत्या. नंतर टनभर जोरानं होल्डर त्यावर आपटत राहिले. होल्डर बदलताना मशीन तोंडात हवेचा फवारा मारतं, पण त्यानं ती खपली निघणं शक्य नव्हतं, आणि फडकं तर वरून नुसतं घसरलं असतं. पुण्याच्या कारखान्यात तोंड साफ करणारी माणसं वेगळी, रेणुकाला मशिनाच्या तोंडात हात घालायची सवय नव्हती. पूजेत मी लावलेलं काही आत राहिलं असेल, हे तिच्या मनातही आलं नसतं.

त्या वेळी शेडमध्ये मी एकटाच होतो. रेणुका हात धुवायला गेली होती, आक्का चुलीकडे. माझ्या एका हातात मलमल होती आणि समोर थिनरची बाटली. पुसून टाकायला पाच मिनिटं पुरली असती. मग चार बोल्ट आवळायचे आणि म्हणायचं, बेअरिंग जरा ढिलं होतं, बसवलं. नाव राहिलं असतं, उलट वाढलं असतं. खोटं सांगत नाही, ती पाच मिनिटं मला फार जवळची वाटली. पण अण्णांना मशीन विकताना मी गप्प बसलो होतो, तेव्हाही असंच कुणी बघत नव्हतं.

मी हाक मारली. "रेणुका, इकडे ये. दिवा घे आणि आत बघ."

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"कुंकू?"

"मी लावलं. नवमीला. तुझे सहा तुकडे माझ्या बोटानं गेले."

तिनं वर मान केली. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. ती म्हणाली, "म्हंजे मशीन चांगलं हाय?"

"मशीन उत्तम आहे."

"बेअरिंग?"

"त्याला काहीसुद्धा झालेलं नाही."

"मग पुसा की मामा. बगत काय बसलाय?"

खपली थिनरनं भिजवली. लोखंडी काही आत घालायचं नाही, म्हणून आक्कानं बांबूची एक चपटी काडी सोलून दिली. त्या काडीनं मी अलगद खरवडलं, पुन्हा थिनर, पुन्हा मलमल. आक्का दिवा धरून उभी होती. "काटा निघाला का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "निघाला." मँड्रेल चढवलं. आठ मायक्रॉन. काढून परत चढवलं, आठ. दहा वेळा काढलं-घातलं, आठाचे नऊ झाले नाहीत. मी पोत्यावरचे अवयव जागच्या जागी बसवेपर्यंत दिवस मावळला.

गुरुवारी तिनं चौदा तुकडे कापले. मी नुसता स्टुलावर बसून होतो. प्रत्येक होल्डर चढवण्याआधी ती तोंडात हात घालून पुसत होती. तिनं मला एकदाही बघून घ्यायला सांगितलं नाही. शुक्रवारी कारखान्याचा माणूस आला. त्याच्याकडे मापाचं गेज होतं, एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. पहिल्या तुकड्यात एक टोक सरळ उतरलं, दुसरं दारातच अडलं. बाराव्या तुकड्यापर्यंत तसंच. तो सही करताना म्हणाला, "जुनं मशीन असून चांगलं चालतंय." आक्कानं त्याला ताक दिलं आणि विचारलं, "जुनं म्हंजे किती जुनं असावं मानसानं?" मी ताकात तोंड घातलं.

हे मी कुणाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, कारण रेणुकानं कुणाला सांगितलं नाही. चुलत्यांनाही नाही. पण हल्ली वसाहतीत कुणी नवं मशीन घेतलं की मीच आपण होऊन सांगतो. तीस घ्या, चाळीस घ्या, कामाप्रमाणे घ्या, पण नवमीला तोंडात होल्डर ठेवा. लोक हसतात. हसले तर लक्षात राहतं.

या वर्षी खंडेनवमीला पुन्हा बोलावणं आलं. शेड लांबवली आहे आणि आत दुसरं मशीन उभं आहे. तेही चाळीसचंच, म्हणजे होल्डर दोन्हीकडे चालतात. गावातल्या दोन मुली तिच्याकडे शिकतायत. मी पोचलो तेव्हा त्यांतली एक दुसरीला सांगत होती, पुसल्याशिवाय चढवायचं नाही, किती वेळा सांगायचं. ते वाक्य सोलापुरातून सांगोल्याला कुठल्या वाटेनं पोचलं ते मला ठाऊक होतं. उस्ताद असते तर बरं झालं असतं.

आक्कानं तबक माझ्या हातात दिलं. मी जरा मागं सरकलो. म्हटलं, या वर्षी रेणुकाला करू दे, मी लांबून अक्षता टाकतो.

रेणुका मशीनजवळ गेली. तिनं वर बोट दाखवलं. दोन्ही मशिनांच्या तोंडात एकेक होल्डर चढवलेला होता. जुने, टाकाऊ होल्डर घेऊन तिनं पुढचं टोक सपाट कापलं होतं, त्यावर पितळेची गोल टोपी बसवली होती, हातानं पॉलिश केलेली. कडेला एक बारीक खोबण घेतली होती, तीत झेंडूची माळ अडकवली होती. कटर धरण्याचं त्यांना आता काही काम नव्हतं. फक्त आजच्या दिवसासाठी केले होते.

"तुमच्यासाटी बनिवलं," ती म्हणाली. "लावा मामा. यंदा पोटभर लावा."

मी अनामिका कुंकवात बुडवली. पितळेच्या मधोमध लावलं, मग दुसऱ्या मशीनला लावलं, आणि वर दोन्हीकडे अक्षताही लावल्या.